कितीवर कितवा?

हेल्मेट घातलेल्या कानात कानमंत्र सांगता येत नाही, म्हणून लिहून देतोय. मुंजीत बटूच्या कानाशी लागतात तसं तुझ्या कानाशी लागायला गेलो, तर मध्ये दीड इंच थर्माकोल येतो. शिवाय एकदा गाडीवर बसलीस की तू कोणाचं ऐकत नाहीस, हे तुझ्या बापानंच सांगितलंय मला.

महिन्यापूर्वी डोमिनार दारात लावलीस, पेढा हातावर ठेवलास आणि लगेच विचारलंस, "काका, कितीवर कितवा?" वीसला दुसरा, पस्तीसला तिसरा, पन्नासला चौथा असा तक्ता हवा होता तुला. मी नुसतं "बघू" म्हणालो. नंतर तुझी काकू बोललीच, की तीस वर्षं वाळूजला गिअर कापले आणि पोरीनं गिअरचं विचारलं तर तोंडात मूग! तर आता ऐक. तक्ता दिला असता तर तू तो पाठ केला असतास, आणि असला पाठ केलेला तक्ता सपाट रस्त्यावर, एकट्या माणसाला, वारा पडलेला असताना चालतो. चौक्याचा चढ, मागं मैत्रीण, दोन्ही बाजूंना सामानाच्या पिशव्या आणि समोरून वैशाखातला वारा, असं सगळं जमून आलं की पन्नासचा चौथा कुंथायला लागतो.

स्पीडचा आकडा चाकाचं सांगतो. इंजिनाचं विचारायचं असेल तर उजव्या मनगटाला विचार. थ्रॉटल आहे त्याहून थोडा पिळ. गाडी पुढं सरली तर गिअर बरोबर आहे, पाय हलवू नको. आवाज नुसता जाड झाला, हँडल थरथरलं आणि गाडी जिथल्या तिथं, तर गिअर वरचा पडलाय, एक उतरव. आणि गाडी ओरडते खूप पण पळत नाही, असं झालं तर वर टाक. हे तू पडेगावपर्यंत चारदा करून बघितलंस तरी पुरे, दुसऱ्या दिवशी मनगट आपोआप विचारायला लागतं.

तुझ्या आजोबांची बुलेट आठवत असेल तुला, उजव्या पायाच्या गिअरची. पहिला वर, बाकीचे तीन खाली, आणि टाचेपाशी न्यूट्रल शोधायची वेगळी दांडी. ओतीव लोखंडाचं इंजिन, जड फ्लायव्हील, सगळी मिळून अठरा अश्वशक्ती, तीही साडेपाच हजार आरपीएमच्या पुढं. ती टॉपमध्ये तीसवरून धगधग करत उठायची. आजोबांनी मला शिकवलं, "लवकर वर टाक, पेट्रोल वाचतं." बुलेटला ते खरंच होतं. तुझ्या गाडीत एकच सिलिंडर आहे, 373 सीसीचा, पण जात वेगळी. चाळीस पीएस म्हणतात ते साडेआठ हजारांच्या पुढं गेल्यावर, आणि सगळ्यात जास्त ओढ साडेसहा-सात हजारांच्या आसपास. तीन हजारांच्या खाली तिला सहाव्यात पिळलंस तर ती उचकते, चेन फटके खाते, आणि तो प्रत्येक धक्का पिस्टनवरून क्रँकच्या बेअरिंगपर्यंत जातो. लोक जास्त रेसला घाबरतात. कमी रेसमध्ये थ्रॉटल सताड उघडण्याला कोणी घाबरत नाही, आणि इंजिन त्यानंही मरतं, फक्त आवाज न करता.

आरपीएमचा काटा, म्हणजे तुझ्या गाडीत पडद्यावरची पट्टी, कुठं पडतो तेही बघून ठेव. सहा हजारांवर पहिल्यातून दुसरा टाकलास तर काटा चार हजारांच्या थोडा वर येऊन बसतो. त्याच सहा हजारांवर पाचव्यातून सहावा टाकलास तर सव्वापाचच्या आसपास थांबतो. खालच्या गिअरमधली अंतरं लांब, वरच्यातली जवळजवळ. म्हणून पहिल्यातून दुसरा टाकताना गाडीला थोडी जास्त रेस घेऊ द्यावी लागते, नाहीतर दुसऱ्यात ती मरगळते. पाचव्यातून सहाव्याला मात्र घाई करायचं कारणच नाही. सहावा हा आरामाचा गिअर आहे, मोकळा रस्ता आणि हात ढिले असले की टाकायचा. साठच्या खाली तो नकोच. दुभाजकाच्या महामार्गावर दुचाकीला कायद्यानं ऐंशी आहेत, तिथं तो शोभतो. बघ, आकडे नाही देत म्हणालो आणि दिलेच.

आता पायाचं. हे तुला कोणी सांगणार नाही, कारण ज्यांनी फक्त मोठ्या गाड्या चालवल्या त्यांना हे ठाऊक नसतं. तू शिकलीस बाबाच्या स्प्लेंडरवर. तिच्यात पुढून दाबलं की गिअर वर जातो, टाचेनं दाबलं की उतरतो. तुझ्या गाडीत पहिला खाली आणि पाच वर. पुढून दाबलं की उतरतो, खालून पंजा घालून उचलला की चढतो, आणि टाचेची पट्टीच नाही. निवांत चालवताना चूक होत नाही. होते ती गडबडीत, शेजारून बस हॉर्न देत आली आणि आता पळायला पाहिजे असं वाटलं की. तेव्हा पाय डोक्याला विचारत नाही, जुन्या सवयीनं दाबतो. पाचवा हवा असतो आणि पडतो तिसरा. पहिले दोन महिने बाबाची स्प्लेंडर भाजी आणायलासुद्धा घेऊ नको. चालत जा. आणि चपलेवर ही गाडी चालवायची नाही. अंगठ्याच्या नखावर पाचदा गिअर उचललास की पाय स्वतःच अर्धा गिअर टाकायला लागतो.

अर्धा गिअर म्हणजे काय, ते मी कारखान्यात हातात धरून बघितलंय. मोटारसायकलच्या पेटीत गिअरच्या जोड्या कायम एकमेकींत दात घालूनच फिरत असतात. तू पायानं हलवतेस ते दात नाहीत. गिअरच्या अंगावर, बाजूला, चौकोनी ठोकळे असतात, शॉपमध्ये आम्ही त्यांना डॉग म्हणायचो. शेजारच्या गिअरमध्ये त्यांच्यासाठी खाचा. एक फोर्क गिअरला बाजूला सरकवतो, डॉग खाचेत जाऊन बसतात आणि मग त्या जोडीतून ताकद जाते. या डॉगच्या कडा सरळ नसतात, आतल्या बाजूला किंचित तिरक्या कापलेल्या असतात. म्हणजे ओढ लागली की ते एकमेकांना आत खेचून धरतात. म्हणून थ्रॉटल पिळलेला असताना गिअर निघत नाही, कितीही लाथा घाल. थ्रॉटल केसभर सोडलास, क्लच दोन बोटं आत घेतलास, की ओढ सुटते आणि गिअर लोण्यातून सुरी जावी तसा जातो. क्लच तळापर्यंत दाबून, डोळे मिटून, मग गिअर, मग हळूहळू सोडणं, हे ड्रायव्हिंग स्कूलच्या मोटारीचं झालं.

माझ्या टेबलावर परत आलेल्या पेट्या यायच्या, सैल झालेल्या, चालता चालता गिअर सोडणाऱ्या. खोलून बघितलं की कथा एकच. डॉगच्या कडा साबणाच्या वडीसारख्या गोल झालेल्या. भाजून कडक केलेलं पोलाद ते, फाइल वरून घसरते त्याच्या. ते गोल कशानं झालं? पायानं. पंजानं गिअर ढकलला आणि लगेच पाय काढला, डॉग खाचेच्या तोंडाशी कडकड करून परत फिरले. असं हजारदा. तेव्हा पंजा लावला की क्लच सुटेपर्यंत तो तिथंच टेकवून ठेव. आणि गिअर टाकायच्या जराशी आधी दांडीवर नुसतं वजन द्यायचं, जोर नाही. ओढ सुटली की तो स्वतःच जातो.

यातूनच दुसरी गोष्ट निघते. थांबायच्या आधी उतरवायचा. मोटारीत चौथ्यावरून थेट पहिला टाकता येतो. इथं एकेक पायरी उतरावी लागते, आणि गाडी उभी राहिली की आतले गिअरही उभे राहतात. डॉग खाचेसमोर नसले तर आत जायचे कुठून? मग सिग्नलला पोरं चौथ्यात अडकून, दांडी खाली हाणत बसलेली दिसतात आणि मागची रिक्षा त्यांचा उद्धार करत असते. तशी अडकलीस तर लाथ मारू नको. गाडी पायानं वीतभर पुढंमागं हलव किंवा क्लच कणभर सोड, आतलं चाक फिरेल आणि गिअर पडेल.

आता माझी फजिती. मागच्या रविवारी दौलताबादचा घाट चढून आपण खुलताबादला गेलो, तू मागं बसली होतीस. पुढं वेरूळकडं उतार लागला आणि मी क्लच धरून खटखट खाली आलो आणि गाडी न्यूट्रल केली. तू विचारलंस, "काका, न्यूट्रल का?" मी म्हणालो, उतार आहे, पेट्रोल वाचतं, इंजिनाला आराम. तू म्हणालीस, "पण इंजिन तर चालूच आहे ना?" मी लेण्यांपर्यंत काही बोललो नाही. तुला वाटलं रागावलो. मी विचार करत होतो.

हा मंत्र मला माझ्या उस्तादानं दिला होता, आणि त्याला तो टू-स्ट्रोक गाडीनं दिला होता. टू-स्ट्रोकमध्ये पिस्टनचं तेल पेट्रोलबरोबरच आत जातं. उतारावर थ्रॉटल मिटला की पेट्रोल तुटतं, म्हणजे तेलही तुटतं. पण गाडी गिअरमध्ये असते म्हणून चाक इंजिनाला गरगरा फिरवत राहतं. लांब उतारावर पिस्टन कोरडा पडतो आणि सिलिंडरला चिकटतो. 1988 साली कन्नडच्या घाटात माझ्या गाडीचं असंच झालं. चूक माझीच, पंपावर तेल कमी टाकलं होतं. अर्ध्या घाटात मागचं चाक कुलूप लागल्यासारखं बसलं आणि गाडी आडवी झाली. मागच्या ट्रकवाल्याचा ब्रेक चांगला होता म्हणून हे लिहायला आहे. त्या दिवसापासून उतार दिसला की हात क्लचवर. म्हणजे उस्ताद बरोबर होता, मीही बरोबर होतो, फक्त गाडी बदलली आणि मंत्र तोच राहिला.

तुझ्या गाडीचं तेल इंजिनाच्या तळाशी असतं आणि पंप ते वर फेकतो. इंजिन जितकं फिरेल तितकं तेल फिरतं. थ्रॉटल मिटला म्हणून पिस्टन उपाशी राहत नाही. आणि पेट्रोलचं तर उलटंच आहे. गाडी गिअरमध्ये, थ्रॉटल पूर्ण मिटलेला, उतारावर चाक इंजिनाला फिरवतंय, अशा वेळी इंजेक्शनचा कॉम्प्युटर पेट्रोलच बंद करतो. थेंबही नाही. न्यूट्रल केलीस की चाक सुटलं, आता इंजिन चालू ठेवायला पेट्रोल जाळावंच लागतं. म्हणजे पेट्रोल वाचवायला मी न्यूट्रल करत होतो आणि त्यानंच ते जळत होतं! वर एकशेऐंशी किलोहून जड गाडी, आपण दोघं, आणि सगळा भार दोन डिस्कवर. उतार लांब असला की डिस्क तापते, ब्रेकचं तेल उकळतं, आणि मग लिव्हर स्पंज दाबल्यासारखी हँडलपर्यंत येते. तोवर उशीर झालेला असतो.

तेव्हा उतारावर ट्रकवाल्यांचं ऐक. ज्या गिअरात चढशील त्याच गिअरात उतर. कन्नड घाट, म्हणजे कागदोपत्री औट्रम घाट, आपल्याकडून चाळीसगावकडं जाताना उतार आहे आणि येताना चढ. येताना वळणांना दुसरा आणि मधल्या सरळीला तिसरा लागला, तर पुढच्या वेळी जाताना तेच. फक्त गिअर उतार सुरू व्हायच्या आधी धरायचा, गाडी पळायला लागल्यावर नाही. उतरवताना क्लच आत घेतलास की थ्रॉटलला एक छोटी फुंकर दे, इंजिनाचा वेग वाढून खालच्या गिअरशी जुळतो आणि धक्का बसत नाही. तुझ्या गाडीला स्लिपर क्लच आहे. मागचं चाक इंजिनाला उलटं जोरात फिरवायला लागलं की तो आतल्या प्लेटा थोड्या सैल सोडतो, म्हणजे चाक उड्या मारत नाही. चांगली वस्तू आहे. पण ती चुकीसाठी आहे, सवयीसाठी नव्हे. आणि दोन गिअर एकदम उतरवलेस तरी ब्रेकलाइट लागत नाही हे ध्यानात ठेव. मागच्याला कळावं म्हणून ब्रेकला नुसतं बोट लाव.

वळणात गिअर नाही. वळण दिसलं की सरळ असतानाच ब्रेक, गिअर, मग वळ. मध्येच चुकीचा गिअर वाटला तर तसाच निघ, पाय हलवू नको. पावसाळ्यात तर नाहीच. 2021च्या ऑगस्टअखेर कन्नड घाटात दरडी आल्या होत्या, तेव्हापासून मी पावसात तिथं रस्त्यावरचा मुरूम बघतो, डोंगर नाही.

ओव्हरटेकचं मला सगळ्यात जास्त सांगायचंय, कारण तिथं माणूस मरतो. नगर रस्त्यावर किंवा पैठण रस्त्यावर ट्रक पन्नासनं चाललाय, तू मागं सहाव्यात. काटा तीन हजारांच्या खाली. समोर मोकळं दिसलं, तू बाहेर निघालीस आणि पिळलंस. गाडी विचार करते. तू ट्रकच्या मधल्या चाकांपाशी आणि समोरून जीप. आता गिअर उतरवायला पाय शोधतेस. हे सगळं ट्रकच्या मागं असतानाच करायचं असतं. तिसऱ्यात ये, काटा पाच हजारांच्या जवळ जाऊ दे, गाडी दम धरून उभी आहे असं वाटलं पाहिजे. मग बघ, मग इंडिकेटर, मग बाहेर. बाहेर निघाल्यावर पायाला काही काम उरलेलं नसावं. पुढं गेलीस की सावकाश चौथा, पाचवा. आणि ऊसतोडीच्या दिवसांत, दिवाळीपासून पुढं, रात्री जोड-ट्रॉलीवाल्या ट्रॅक्टरच्या मागं लागलीस तर घाईच करू नको. दुसरी ट्रॉली पहिलीच्या मागं आहे हे अंधारात दिसत नाही, आणि मागं दिवा असेल असं धरून चालणं म्हणजे खुळेपणा.

समृद्धी महामार्गावर आपल्याला, म्हणजे दुचाकीला, बंदी आहे. मैत्रिणींना त्याचं दुःख आहे म्हणालीस. मला नाही. तासन् तास एकाच गिअरात जायला एवढी गाडी कशाला घेतली?

शहरात फार सांगण्यासारखं नाही. क्रांती चौकापासून चिकलठाण्यापर्यंत दुसरा आणि तिसरा, बस. चौथ्याची हौस करू नको, पुलावर चढताना मोह होतो. सिग्नलला मागं एक मोटार थांबेपर्यंत पहिला टाकून क्लच धरून राहा, आरशात बघत. ती थांबली की न्यूट्रल कर आणि मनगट मोकळं कर. क्लच अर्धवट धरून मुंगीच्या पावलानं सरकत राहू नको. मेमध्ये बेचाळीसच्या उन्हात प्लेटा अशानंच जळतात, आणि तो पंखा सुरू झाला की गरम वारा तुझ्याच पोटऱ्यांवर येतो.

गिअर कडक लागायला लागला तर आधी तेल बघ. या गाडीत इंजिन, क्लच आणि गिअर यांचं तेल एकच असतं. ते थकलं की पहिली तक्रार गिअर करतो. मोटारीचं तेल स्वस्त मिळतंय म्हणून ओतू नको, त्यातली निसरडी द्रव्यं क्लचला घसरवतात. डब्यावर जेएएसओ एमए लिहिलेलं बघून घे. मग क्लचच्या लिव्हरचा सैलपणा बघ, दोन-तीन मिलिमीटर असावा. मग चेन. सैल चेनचा खडखडाट लोक गिअरच्या नावावर खपवतात, आणि मेकॅनिकही पेटी खोलायला तयारच असतो.

या रविवारी पुन्हा जाऊ, पण चालवशील तू. सहाला निघ, म्हणजे दौलताबादच्या वेशीत बस अडकायच्या आधी आपण पार. शरणापूर फाट्यापर्यंत पाचवा, वेशीत दुसरा, घाटात तुला वाटेल तो. मी मागं बसून काही बोलणार नाही. गिअर चुकला की मला फूटरेस्टमधून कळतंच, तेव्हा तुझ्या खांद्यावर एक टिचकी मारीन, दोन मारल्या तर तू न्यूट्रल केलीयस असं समज. हतनूरला थांबून चहा घेऊ, कन्नडला घाटाच्या माथ्यापर्यंत जाऊ आणि परत फिरू. पेट्रोल तू भर, चहा माझा. आणि बूट घालून ये.